पंच क्रमांक दोन

बत्तीस वर्षं मी नावं पुकारली
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर.
आरोपीचं नाव, बापाचं नाव, मग हाजीर हो.
तीनदा. तिसऱ्यांदा जरा लांबवून,
खाली टपरीवर चहा पीत बसलेल्यालाही पोचावं म्हणून.
कलमं मला साहेबांच्या आधी आठवायची.
बोललो नाही कधी. नोकरी होती.

रिटायर झालो आणि मानेवाड्याच्या घरात
कूलरसमोर आडवा झालो.
मे महिना. पारा सेहेचाळीसच्या वर.
वाळ्याच्या ताट्या ओल्या, टाकीत सकाळीच
ओतलेल्या सहा बादल्या,
आणि ती घरघर, जिच्या आड माणसाला
काही ऐकू आलं नाही असं म्हणता येतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी फाटकाची कडी वाजली.
"मीटर पाहाचं होतं जी."
मग थोडं थांबून,
"काकाजी, पाणी भेटन का घोटभर?"

मला ऐकू आलं.
इथे उलटतपासणी नाही म्हणून स्पष्ट लिहितो :
दोन्ही वाक्यं ऐकू आली, मधला थांबाही.
मी कूस बदलली.

तो चौथ्या घरापाशी पडला, ढोकांच्या कडुनिंबाखाली,
अर्धा सावलीत, अर्धा उन्हात.
ढोकबाई ओरडल्या, "अवो बाप्पा, पोरगं पडलं न!"
तेव्हा मात्र मी धावलो. तांब्या घेऊन धावलो.
मेडिकलला नेईपर्यंत संपलं होतं.

अजनी ठाण्याच्या हवालदाराला दोन पंच हवे होते,
प्रतिष्ठित, लिहितावाचता येणारे, त्याच गल्लीतले.
मी चष्मा लावला.
देवानंद उईके, वय सत्तावीस, राहणार नरसाळा.
अंगात निळा शर्ट. खिशात साठ रुपये
आणि ऊन लागू नये म्हणून घरून दिलेला कांदा.
जखम नाही. कोणावर संशय नाही.
आम्हा पंचांचे मते मृत्यू उष्माघाताने.
सही केली : शालिक निंबाजी बांते, सेवानिवृत्त.
अक्षर माझं अजून चांगलं आहे.

रात्रभर कलमं चाळत बसलो, तोंडपाठच ती.
ढकललं असतं तर. विष कालवलं असतं तर किती सोपं.
बाप असतो त्याचा, जेलर असतो,
तरी काहीतरी निघालं असतं.
पण गल्लीतला म्हातारा कोणाचा कोण लागतो?
कायदा हात जिथे लागला तिथे बोट ठेवतो.
न उठलेल्या हाताचे ठसे कुठून घेणार?

आणि मग तो भुजंग आठवला, आटोवाला.
रात्री दोनला औषधाच्या दुकानाचं कुलूप फोडून
शेजारणीच्या लेकरासाठी इन्सुलिन नेलं होतं,
गल्ल्यापाशी पैसे ठेवून, खाली चिठ्ठी.
कबुली दिली. दोषी ठरला. दंड पाचशे.
वकिलांनी वर्गणी काढून भरला, माझे दहा होते त्यात.
ते दहा रुपये पंधरा वर्षं
मी चांगला माणूस म्हणून खर्च करत आलो.

आता फाटकाबाहेर रांजण आहे,
लाल फडकं, साखळीला बांधलेला पेला.
ढोकबाई सांगतात येणाऱ्याजाणाऱ्याला,
"बांतेभाऊ लय पुण्य करून रायले."
गल्लीच्या कोर्टातही मी सुटलो.

जूनमध्ये विजेचं बिल आलं.
युनिट सरासरीने लावलेले. कूलरचा महिना,
म्हणजे माझा फायदाच झाला.
चालू रीडिंगच्या जागी आकडा नव्हता.
ते त्याने उभ्या उभ्या यंत्रात दाबलं असणार,
माझ्याच फाटकाशी, कोरड्या तोंडाने,
आत चालू असलेला कूलर ऐकत.

मृत्युपूर्व जबाब मी पुष्कळ हाताळलेत.
त्यांना शपथ लागत नाही.
मरता माणूस खोटं बोलत नाही, असं कायदा धरून चालतो.

रकान्यात होतं : घर बंद.

बिल मी भरलं. मुदतीच्या आत.